एकशे बारा नंबर आत

मित्रांनो, फळा म्हटलं की तुम्हाला खडू, डस्टर आणि गुरुजी आठवत असतील. माझ्यावर मात्र शंभराहून जास्त वर्षांत कोणी एक अक्षर लिहिलेलं नाही. मी खिळ्यांचा फळा आहे. आडवे आठ आणि उभे पंधरा, असे वाकड्या मानेचे खिळे माझ्या अंगात ठोकलेले आहेत. दिसायला मी काही देखणा नाही. रंग उडालाय, डावा कोपरा उंदरांनी खाल्लाय आणि मधून एक चीर गेली आहे, ती थंडीत रुंदावते आणि उन्हाळ्यात मिटते. तरीही कोलोरॅडोच्या डोंगरांत, साडेनऊ हजार फुटांवर, हार्लन क्रीक गावात पर्लचं लॉज म्हणून आठ खोल्यांचं घर आहे, तिथे येणारा पाहुणा आधी माझ्याकडे बघतो आणि मग मालकिणीकडे.

माझा जन्म सुट्टीसाठी झाला नव्हता. जन्म झाला तो कामासाठी, तेही जमिनीखालच्या.

ह्या गावात तेव्हा चांदीची खाण होती. इंग्लंडच्या पार टोकाला असलेल्या कॉर्नवॉलमधून माणसं पोटापाठी इथे आली होती, तशीच इटलीहून आली होती, मेक्सिकोकडूनही आली होती. कॉर्नवॉलच्या जेबेझ ट्रेव्हारो नावाच्या सुताराने उतारावरच्या एका स्प्रूसच्या झाडातून मला कापून काढलं, रंधा मारला, हिरवा रंग दिला आणि बोगद्याच्या तोंडाशी उभं केलं. प्रत्येक खाणकामगाराकडे नंबर कोरलेला एक पितळी बिल्ला असे. आत जाताना नंबर ओरडून तो बिल्ला माझ्या खिळ्यावर अडकवायचा. बाहेर आलं की काढून खिशात घालायचा. पाळी संपली की मुकादम माझ्यासमोर उभा राही आणि बघे. फळा रिकामा असेल तर टोपी डोक्यावर घालून घरी जाई. एक जरी बिल्ला लटकत असेल, तर आत माणूस आहे.

नियम दोनच होते. आपला बिल्ला आपल्या हाताने लावायचा. दुसऱ्याच्या बिल्ल्याला हात लावायचा नाही. एखादा आत गेला आणि तसाच राहिला, तर त्याची बायको येऊन काढी. ते मी सहा वेळा पाहिलंय. त्याबद्दल मी अधिक काही सांगणार नाही.

एकदा मात्र वेगळंच झालं. डोमेनिको नावाच्या कामगाराला मुलगी झाली. निरोप खाणीत पोचला, तेव्हा हा गडी वरच्या जुन्या भोकातून जो पळाला, तो थेट घरी. बिल्ला राहिला माझ्यापाशी. दुपारी सुरुंग उडाले, पाळी संपली आणि फळ्यावर एक बिल्ला लटकत राहिला. सात माणसं परत आत गेली. धुरात चार तास त्याला हाका मारत फिरली. एकावर दगड पडून त्याचा पाय मोडला. दुसऱ्या दिवशी डोमेनिको वाइनची बाटली घेऊन हसत हसत आला, “मुलगी झाली, मुलगी!” कोणी त्याला शिवी दिली नाही. मुकादमाने त्याला पूर्ण पाळीभर माझ्यासमोर उभं केलं, तोंड माझ्याकडे करून. संध्याकाळी तो रडत होता. तेव्हापासून ह्या गावात बिल्ल्याची थट्टा कोणी करत नाही. मुलंसुद्धा नाही.

पन्नासच्या दशकात चांदीला भाव राहिला नाही. खाण बंद झाली. माणसं आपापले बिल्ले खिशात घालून डोंगर उतरली, बरीचशी खाली प्युब्लोच्या पोलादाच्या कारखान्यात लागली. मी मात्र एका पडक्या शेडमध्ये पडून राहिलो. छपरातून बर्फ येई. उंदीर येत. माझा उपयोग काय, हे माझं मलाच आठवेनासं झालं होतं. मित्रांनो, वस्तूला म्हातारपण कामाने येत नाही, बिनकामाचं बसल्याने येतं.

मला तिथून काढलं ते जेबेझच्या नातीने, पर्लने. तिने कामगारांची जुनी खानावळ विकत घेतली होती आणि तिथे उन्हाळी पाहुण्यांसाठी खोल्या काढल्या होत्या. ती मला घसरगाडीवर घालून घेऊन आली, उन्हात वाळवलं, जवसाचं तेल चोळलं आणि टेबलामागच्या भिंतीवर टेलिफोनशेजारी टांगलं. तिने माझ्याकडे नीट पाहिलं आणि खिळे मोजले. आठ खोल्या. जूनपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत पंधरा आठवडे. “बघ की,” ती आपल्या मुलीला, लोव्हीनाला म्हणाली, “आजोबाने आपल्यासाठीच मोजून ठोकल्यात.”

बिल्ले परत माझ्यावर कसे आले, त्याचीही गोष्ट आहे. एका उन्हाळ्यात प्युब्लोहून एक कुटुंब आलं. कारखान्यात काम करणारा सेफेरिनो आल्ड्रेते, त्याची बायको ओरालिया, चार मुलं, आणि गाडीच्या टपावर बांधलेलं एवढं सामान की गावाला वाटलं हे कायमचेच राहायला आले. सेफेरिनोने टेबलावर एक पितळी बिल्ला ठेवला. एकशे बारा. “माझ्या बापाचा,” तो म्हणाला. “तो इथे आत जायचा. मी सुट्टीला आलोय. कुठे लावू?”

पर्लने वळून माझ्या ओळी बोटाने मोजल्या. मग म्हणाली, “जुलैचा शेवटचा आठवडा, तीन नंबरची खोली. स्वतःच्या हाताने लाव बाबा.”

त्याने लावला, आणि सरळ उभा राहून बापासारखा ओरडला, “एकशे बारा नंबर आत!”

तेव्हापासून तो रिवाजच पडला. इतर कुटुंबांनीही आजोबांचे बिल्ले शोधून आणले. ज्यांच्याकडे नव्हते, त्यांना पर्ल खाणीच्या जुन्या पेटीतला एखादा देई. बिल्ले वर्षभर लॉजच्या खणात राहत. जानेवारीत फोन येई, अमुक आठवडा, तमुक खोली, आणि लोव्हीना त्यांच्या सांगण्यावरून, ते फोनवर असतानाच बिल्ला लावी. सुट्टी संपली की पाहुणा स्वतः तो काढून तिच्या हातात देई.

आल्ड्रेत्यांचा फोन म्हणजे करमणूक होती. कारखान्याच्या आवाजाने सेफेरिनोचे कान अधू झालेले. त्यामुळे तो असा ओरडे की मला भिंतीवर सगळं ऐकू येई. आणि त्याच्या आवाजामागे दुसरा एक आवाज असे.

“तीन नंबरची खोली!” सेफेरिनो ओरडे.

“दोन खिडक्यांची म्हणून सांग,” मागून ओरालिया.

“दोन खिडक्यांची!”

“शेगडीचा मागचा बर्नर दुरुस्त केला का विचार. गेल्या साली घेवडा शिजायला दुपार झाली.”

“बर्नर केला का?”

“मोठं पातेलं आम्हीच आणू म्हणावं. त्यांचं तळाला लागतं.”

“पातेल्याचं मी सांगणार नाही, लोव्हीनाला वाईट वाटेल!” हे तो इतक्या मोठ्याने म्हणे की लोव्हीना हसून हसून खुर्चीत बसे.

सुट्टीचा सगळा बेत त्या मागच्या आवाजाचा असे. कोण कुठे झोपणार, भाजलेल्या हिरव्या मिरच्या किती डबे न्यायच्या, धाकट्याला घाटात उलटी होते म्हणून त्याला पुढे बसवायचं, पावसाचा दिवस निघाला तर पत्ते. कारखान्याला जुलैच्या अखेरीस सुट्टी, म्हणून जुलैची अखेर. मुलांना मासे धरायचे, म्हणून ओढ्याकाठचा रस्ता. आणि ती स्वतः? ती त्या शेगडीपाशी रस्सा ढवळत खिडकीतून डोंगराकडे बघत असे. चाळीस उन्हाळे मी तिला पाहिलं. तिने कधी तक्रार केली नाही. तिला कोणी विचारलंही नाही. मीही फळाच. मलाही कधी सुचलं नाही.

पर्ल गेली. लॉज लोव्हीनाकडे आलं. लोव्हीनाचेही केस पांढरे झाले आणि तिच्या भावाची मुलगी जोलीन मदतीला येऊन राहिली. जोलीन हुशार. तिने एक संगणक आणला आणि खोल्यांची नोंद त्यात करायला लागली. मला तिने वाईट वागवलं असं नाही. दर शनिवारी फडकं मारी. पण एकदा म्हणाली, “आत्या, ह्याला खाणीच्या संग्रहालयात देऊन टाकूया ना. तिथे शोभेल.”

“आणि इथे?”

“इथे काम करतो का तो? काम संगणक करतो.”

“मग तू शनिवारी त्या संगणकाला विचार, आत कोण आहे ते,” लोव्हीना म्हणाली, आणि विषय तिथेच संपला. पण संपलेला विषय किती दिवस संपलेला राहतो, हे मला माहीत आहे.

ह्या वर्षी जानेवारी आला आणि एकशे बाराचा फोन आला नाही.

फेब्रुवारी अर्धा झाला. जुलैच्या शेवटच्या आठवड्यासाठी तीन नंबरच्या खोलीला लोक रांगेत होते. जोलीन म्हणाली, “फोन करून विचारू का?”

“चाळीस वर्षांत त्याला विचारावं लागलं नाही. विसरला असेल. कान गेले, आता डोकं जात असेल.”

“मग खोली देऊन टाकू?”

“देऊन टाकू म्हणजे? तो येणार.”

आणि मित्रांनो, इथे लोव्हीनाने ती चूक केली. दुसऱ्या कुठल्या गावात ही चूक झालीच नसती, झाली असती तर तिला कोणी चूक म्हटलं नसतं. तिने खण उघडला, एकशे बारा नंबर काढला आणि फोनवर कोणी नसताना, कोणी सांगितलं नसताना, तो आपल्या हाताने माझ्या खिळ्यावर लावला. प्रेमानेच लावला. जोलीनने कोणाला खोली देऊ नये म्हणून लावला. पण शंभर वर्षांत दुसऱ्याचा बिल्ला कोणी असा परस्पर लावला नव्हता. माझ्या अंगात लाकूड आहे, हाड नाही, तरी काहीतरी कचकन झालं.

एप्रिलमध्ये जोलीनने आत्याला न सांगता प्युब्लोला फोन लावला. तिच्या फोनचा आवाज मोठा करून ठेवलेला होता, कारण दोन्ही हातांनी ती चादरींच्या घड्या करत होती. फोन थोरल्या मुलीने, एल्व्हिराने उचलला.

“बाबा गेले,” एल्व्हिरा म्हणाली. “नोव्हेंबरमध्ये. तुम्हाला कळवायचं राहून गेलं, माफ करा. कोणालाच धड कळवलं नाही.”

जोलीनच्या हातातली घडी सुटली. सांत्वनाचे दोन शब्द बोलायचे ते ती बोलली. मग विचारलं, “आणि मावशी? त्या येतील का जुलैत?”

“छे, छे. तिला तिथे उंचीवर श्वास लागतो. आम्ही भावंडांनी मिळून ठरवलंय. तिला समुद्रावर नेतोय, सॅन डिएगोला. लिफ्ट असलेल्या हॉटेलात खोली घेतली. तिला अजून सांगितलं नाही, वाढदिवसाला सांगणार. तुम्ही ती खोली देऊन टाका.”

“बरं. मग तो बिल्ला मी काढून ठेवते.”

“हो, काढा.”

तेवढ्यात त्याच फोनमधून तिसरा आवाज आला. प्युब्लोच्या त्या घरात स्वयंपाकघरातही एक फोन होता, आणि तो कोणीतरी उचललेला होता.

“कुठला बिल्ला?”

“आई! तू ऐकत होतीस?”

“माझ्या घरातला फोन आहे. कुठला बिल्ला म्हणतेय ती पोरगी?”

जोलीनने इकडे तिकडे पाहिलं. लोव्हीना दारात उभी होती. कधी आली, कोणास ठाऊक. तिचा चेहरा पिठासारखा झाला होता.

“एकशे बारा, मावशी,” जोलीन म्हणाली. “लावलाय तो. फेब्रुवारीपासून.”

“कोणी लावला?”

लोव्हीनाने फोन हातात घेतला. “मी लावला, ओरालिया.”

फोनमधून तिचा श्वास ऐकू आला. जड, थांबत थांबत येणारा.

“लोव्हीना, सेफेरिनो गेला. मी माझ्या हाताने त्याच्यावर माती टाकली. आणि तू त्याला फेब्रुवारीपासून आत ठेवून बसली आहेस?”

“मला माहीत नव्हतं गं. देवाशप्पथ माहीत नव्हतं.”

“माहीत नव्हतं तर विचारायचं.”

“काढते. आत्ता काढते, तुझ्यादेखत—”

“हात लावू नकोस!” आवाज असा आला की जोलीन एक पाऊल मागे सरली. “लावलास तेवढं पुरे झालं. माझ्या सासऱ्याने जेवताना दहा वेळा सांगितलंय मला, नवऱ्याचा बिल्ला कोण काढतं ते. मी येते.”

“आई, असं काय करतेस?” एल्व्हिरा मधे पडली. “डॉक्टर काय म्हणाले आठवतंय ना? आणि आम्ही तुझ्यासाठी समुद्र—”

“समुद्र काही पळून चालला नाही.”

“पण आम्ही सगळं ठरवलंय!”

“तेच म्हणते मी,” ओरालिया म्हणाली. “सगळं ठरवलंत.” आणि तिने फोन ठेवला.

त्या दिवसापासून जुलैपर्यंत लोव्हीना माझ्यासमोरून जाताना मान वळवून जाई. मला तिची दया येई. वाईट हेतूने केलेली चूक माणूस विसरू शकतो, प्रेमाने केलेली विसरता येत नाही. मे महिन्यात एल्व्हिराचा फोन आला, “आईला बरं नाही, बहुतेक जमणार नाही.” जूनमध्ये आला, “डॉक्टर म्हणतात प्राणवायूची नळकांडी बरोबर असेल तर आठवडाभर चालेल, पण आम्हाला कोणालाच हे पसंत नाही.” एकदा सेफेरिनोचा मुलगाही बोलला, तावातावाने. पत्र्याच्या एका तुकड्यासाठी आईचा जीव टांगणीला लावायचा का, असं त्याचं म्हणणं. तो बिल्ला माझ्या अंगावर लटकत होता, आणि एवढासा पितळेचा नाण्याएवढा तुकडा मला त्या उन्हाळ्यात पेलेनासा झाला होता. ती म्हातारी घाटात कुठे घुसमटली असती, तर?

ती आली. जुलैच्या शेवटच्या शनिवारी दुपारी एल्व्हिराची गाडी दारात थांबली. ओरालिया उतरली तेव्हा तिच्यामागे चाकांवरचं एक लहान नळकांडं होतं, नाकात बारीक नळी होती आणि काखेत मोठं पातेलं होतं. तिने कोणालाही नमस्कार-चमत्कार केला नाही. सरळ माझ्यासमोर आली.

तिचा हात पोचत नव्हता. जुलैच्या शेवटच्या आठवड्याची ओळ तशी फार उंच नाही, पण वय माणसाला आखूड करतं.

“मी काढते, आई,” एल्व्हिरा पुढे झाली.

“थांब तू.”

लोव्हीनाने स्वयंपाकघरातलं पायऱ्यांचं स्टूल आणलं. एका बाजूने तिने धरलं, दुसऱ्या बाजूने जोलीनने. ओरालिया एक पायरी चढली. थांबली. श्वास घेतला. दुसरी चढली. मग तिने बिल्ला दोन बोटांत धरला आणि क्षणभर तसाच धरून ठेवला. तिच्या बोटांना कांद्याचा वास होता. गेल्या चाळीस वर्षांत ती माझ्या इतक्या जवळ कधी आली नव्हती.

“एकशे बारा,” ती म्हणाली. तिने पुन्हा म्हटलं, “एकशे बारा नंबर बाहेर.”

तिने बिल्ला काढला. मी हलका झालो.

खाली उतरल्यावर ती खुर्चीत बसली आणि रडली. लोव्हीना तिच्या पायाशी जमिनीवरच बसली, गुडघे दुखतात तरी. “माझं चुकलं गं,” एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

“चुकलंच,” ओरालिया नाक पुसत म्हणाली. “पण तू लावला नसतास तर मी आत्ता लिफ्टमधून वर-खाली करत असते. चहा दे.”

ती आठवडाभर राहिली. जोलीनने तिला खालची खोली दिली होती, जिना चढायला नको म्हणून. पहिले दोन दिवस तिने खुर्ची ओसरीवर टाकून नुसता डोंगर पाहिला. एल्व्हिराने स्वयंपाक केला. रस्सा खारट झाला, ओरालियाने मुकाट्याने खाल्ला, आणि मला वाटतं त्या बाईने तेव्हा आयुष्यातला पहिला आयता घास सुट्टीत खाल्ला. लोव्हीना रोज दुपारी खिम्या-बटाट्याची एक मोठी करंजी, तिच्या पणजोबाच्या कॉर्नवॉलकडची, पेस्टी म्हणतात तिला, गरम गरम आणून देई. दोघी अर्धी अर्धी खात आणि गेलेल्या माणसांच्या खोड्या आठवत.

शेवटच्या सकाळी गाडीत सामान गेलं. ओरालिया टेबलापाशी आली. लोव्हीनाने हात पुढे केला, खणात ठेवायला बिल्ला घ्यायचा म्हणून.

“हा मी देणार नाही,” ओरालिया म्हणाली. “हा त्याचा. माझ्याजवळ राहील. माझा कुठाय?”

“तुझा?”

“माझा बिल्ला. चाळीस वर्षं येतेय मी इथे. आत येतेय, बाहेर जातेय. माझा नंबर काय?”

लोव्हीना खाली वाकून खाणीची जुनी पेटी काढू लागली. पेटी टेबलावर उपडी झाली. ओरालियाने चष्मा लावला आणि भाजी निवडावी तसे बिल्ले निवडले. हा झिजलाय, ह्याचं भोक मोठं, हा कोणाचा होता देव जाणे. शेवटी एकतीस नंबर हातावर तोलून पाहिला. “हा ठीक आहे.”

“तर मग,” जोलीन संगणकापाशी बसत म्हणाली, “पुढच्या वर्षी जुलैचा शेवटचा आठवडा—”

“जुलै का?”

“नेहमीचं आहे ना, मावशी.”

“जुलै कारखान्याची सुट्टी होती. मी कुठे कारखान्यात होते?” ती खिडकीकडे वळली. “समोरच्या उताराची ती झाडं, ती सळसळणारी, अ‍ॅस्पेनची. पिवळी कधी होतात?”

“सप्टेंबरच्या शेवटी,” लोव्हीना म्हणाली.

“सेफेरिनो म्हणायचा, त्याचा बाप सांगायचा, सगळा डोंगर सोन्याचा होतो म्हणून. चाळीस वर्षं मी हिरवाच पाहिला. सप्टेंबरचा शेवटचा आठवडा लिही. ह्याच सप्टेंबरचा. पुढच्या वर्षाचं कोणी सांगावं.”

“आम्ही तेव्हा बंद असतो गं. पंधरा तारखेला मी बहिणीकडे अ‍ॅरिझोनाला जाते.”

“का?”

“का म्हणजे... नेहमीच जाते.” हे बोलता बोलता लोव्हीना स्वतःच थांबली.

“आत्या, नळ ऑक्टोबरशिवाय गोठत नाहीत,” जोलीन हळूच म्हणाली. मग माझ्याकडे बघून हसली. “पण फळ्यावर जागा नाही. सप्टेंबरच्या मध्यानंतर खिळाच नाही.”

“घरात हातोडी नाही का?” ओरालियाने विचारलं.

“आई, मला सप्टेंबरमध्ये सुट्टी नाही मिळणार,” एल्व्हिरा कळवळून म्हणाली. “दादालाही नाही.”

“तुम्हाला कोण चला म्हणतंय?”

“मग तू कोणाबरोबर येणार?”

“बघते. माझी बहीण आहे. शेजारची हॉर्टेन्सिया आहे, ती बिचारी कधी कुठे गेली नाही. विचारते त्यांना. त्या हो म्हणाल्या तर त्यांच्याबरोबर.” मग लेकीच्या गालावर हात ठेवून ती म्हणाली, “तुमचा समुद्र मला नको असं नाही गं. पण आधी विचारा तर खरं. मी हो पण म्हणेन.”

लोव्हीनाने माझ्या शेवटच्या ओळीखाली खिळा ठोकला. लाकूड जुनं, वाळून कडक झालेलं, त्यामुळे खिळा दोनदा वाकला आणि तिसऱ्यांदा बसला. दुखलं. पण इतक्या वर्षांनी माझ्यावर कोणी नवं काम सोपवलं होतं, त्यामुळे मी चिरलो नाही. हा खिळा खाली होता. ओरालियाला स्टूल लागलं नाही. तिने एकतीस नंबर लावला आणि काही ओरडली नाही, नुसता एकदा बोटाने सरळ केला.

मित्रांनो, मी हे तुम्हाला सप्टेंबरच्या विसाव्या तारखेला सांगतो आहे. माझे सगळे खिळे रिकामे आहेत, एक सोडून. लोव्हीना अ‍ॅरिझोनाला गेलेली नाही. संग्रहालयाचा माणूस मला न्यायला येऊन गेला. जोलीननेच त्याला दारातून परत पाठवलं, “काम चालू आहे त्याचं,” म्हणून. माझ्यासारख्या जुन्या वस्तू तुमच्याही घरात असतील. त्यांना फडकं मारा, थोडं तेल लावा, आणि जमलं तर एखादं काम द्या. आम्ही तेवढ्याने जगतो. आणि सुट्टीचा बेत आखायला बसाल, तेव्हा घरात जे माणूस सगळ्यांच्या पिशव्या भरतं ना, त्याला समोर बसवा आणि विचारा, तुला कुठे जायचंय, कधी जायचंय. उत्तर लगेच येणार नाही. सवय नसते त्यांना. जरा थांबा.

काल फोन आला होता. तिघी येताहेत. जोलीनने खालची खोली तयार ठेवली आहे म्हणून सांगितलं, तर ओरालिया म्हणाली, वरची हवी, दोन खिडक्यांची, जिना मी बसत बसत चढेन. जोलीन चादरी घेऊन वर गेली आहे. मला खिडकीतून समोरचा उतार दिसतो. तळाची झाडं अजून हिरवी आहेत, पण वरच्या टोकाची चार-पाच पिवळी झाली आहेत. शनिवारपर्यंत बाकीचीही होतील, असं लोव्हीना म्हणते.